दळणाची सायकल : प्रस्तावना

या पुस्तकात सायकल चमकवायची कशी हे सांगितलेलं नाही. पडवीत, गोठ्यात नाहीतर न्हाणीघराच्या मागे भिंतीला टेकून वर्षानुवर्षं गंजत पडलेली जुनी काळी सायकल पुन्हा कामाला कशी लावायची, एवढाच याचा विषय आहे. काम म्हणजे रोजचं, कुणी नावाजणार नाही असं. चक्कीवर दळण नेणं, भाजी आणणं, रेशन, दवाखाना, पोराला शाळेत सोडणं, म्हशीसाठी सरकी ढेपेचं पोतं आणणं. पुढच्या सगळ्या प्रकरणांना मी एकच कसोटी लावली आहे. कॅरियरवर वीस किलो गहू बांधून सायकल चक्कीपर्यंत गेली, पीठ घेऊन परत आली, वाटेत चेन उतरली नाही आणि उतारावर ब्रेक लागला, तर ती दुरुस्त झाली. रंग उडालेला असला तरी झाली. आणि क्रोम लखलखत असूनही क्रँक डुगडुगत असेल, तर ते अजून भंगारच आहे, फक्त महागडं.

ही कसोटी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. या यंत्राची घडणच तशी आहे. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या चाकांची, चेनवर चालणारी ‘रोव्हर’ काढली, 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इंग्रजी रोडस्टरचा साचा पक्का झाला. 28 इंची चाकं, मागे झुकलेली फ्रेम, चाकांमध्ये लांब अंतर, पोलादी सळयांचे ब्रेक, स्प्रिंगांची रुंद गादी. वजन 18 ते 20 किलो. आजच्या दुकानात उभ्या असलेल्या हलक्या सायकलींसमोर हे वजन ऐकून पोरं हसतात. पण फ्रेम मागे झुकलेली आणि चाकं एकमेकांपासून लांब असली की खड्ड्याचा दणका पाठीपर्यंत पोचत नाही, आणि मागे ओझं असताना पुढचं चाक उचललं जात नाही. खराब रस्ते आणि गरीब गिऱ्हाईक हे दोन्ही गृहीत धरून केलेली ही रचना होती. चीनने 1950 मध्ये ‘फ्लाइंग पिजन’ बनवायला घेतली तेव्हा समोर नमुना होता तो 1932 च्या रॅले रोडस्टरचाच. आपल्याकडे लुधियान्याहून आजही जी काळी सायकल येते ती त्याच घराण्यातली.

आता यवतमाळ. हे पुस्तक इथे बसून लिहिलंय आणि त्याच्यात इथली माती, इथला चढ, इथले काटे सगळीकडे आले आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते जास्त वाटलं तर त्याने तेवढी पानं उलटावीत.

जिल्ह्याचं हे गाव पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून 450 मीटरच्या आसपास. 1905 पर्यंत जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. मुंबई-नागपूर रेल्वे यवतमाळला आलीच नाही. त्या मार्गावरचं जवळचं स्टेशन धामणगाव, सुमारे 45 किलोमीटरवर, आणि तिथून वर यायला चढ. दुसरी वाट होती मुर्तिजापूरहून येणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या शकुंतला रेल्वेची, 113 किलोमीटरची. कापूस या दोन वाटांनी खाली जायचा आणि बाहेरचा जड माल त्याच वाटांनी वर यायचा. शकुंतलेबद्दल हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ झाले. मला तिच्यातली एकच गोष्ट इथे कामाची वाटते. 1921 साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं एक यंत्र चालतं, ते कुणीतरी रोज त्याच्या खाली घुसून तेल घालतं म्हणून. काळ्या सायकलीचंही तसंच होतं. तालुक्याच्या गावी सायकलचं एक दुकान, त्याच्या ओट्यावर एक मिस्त्री, पाण्याची घमेली, हवेचा पंप, तासावर भाड्याने द्यायच्या चार खिळखिळ्या सायकली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोस्टमन आणि कापूस विकून हाती पैसा आलेला शेतकरी ही त्याची गिऱ्हाइकं. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागायचे दिवस होते ते. त्यातली घड्याळं आणि रेडिओ गेले. सायकली मात्र अजून पडवीत सापडतात, कारण वीस किलो पोलाद सहजासहजी नाहीसं होत नाही.

सापडलेली सायकल कोणती, हे ओळखण्यावर एक प्रकरण आहे, इथे थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याआधीची असेल तर बहुतेक इंग्लंडची. चेनव्हीलकडे पाहिलं की कंपनी कळते. बगळ्याची डोकी कापलेली असतील तर रॅले, पंजा असेल तर रज, ओळीने धावणारी माणसं असतील तर हंबर. हंबरच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी दुहेरी नळ्या असतात, तो एकदा पाहिला की विसरत नाही. डोक्याच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका असतील तर बीएसए, कारण ती मुळात बंदुकांची कंपनी. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब निघाला तर नशीब उघडलं. त्याच्या अंगावर बनवल्याचं साल ठोकलेलं असतं, बाकी सायकलीचं वय ठरवायला तेवढा पुरावा पुरतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1949 मध्ये टीआय सायकल्स स्थापन झाली आणि मद्रासजवळ अंबत्तूरला तिने हर्क्युलिस बनवायला घेतली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि रॅले, रज, हंबर ही नावं तिथूनच बाहेर पडू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. सोनिपतला 1951 मध्ये ॲटलास, लुधियान्याला 1956 मध्ये हीरो. हीरो 1986 मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल कंपनी म्हणून गिनेस बुकात गेली. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता, यात कुणाचा हेतू नसावा.

या वंशावळीतून कामाची गोष्ट एवढीच निघते की, भारतीय कारखान्यांनी इंग्रजी मापं उचलली आणि नंतर फारशी बदललीच नाहीत. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या फ्रेमला आज पुसदच्या नाहीतर उमरखेडच्या दुकानातला टायर बसतो, चेन बसते, छरे बसतात. युरोप-अमेरिकेत जुनी सायकल उभी करणाऱ्याला एकेका भागासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. आपल्याकडे तो भाग गल्ल्यामागच्या फळीवर खोक्यात पडलेला असतो. हे सुख आहे आणि ते किती दिवस टिकेल हे दुकानदारांच्या पुढच्या पिढीवर आहे. एक अपवाद मात्र आत्ताच सांगून ठेवतो. नॉटिंगहॅमच्या अस्सल रॅलेच्या मधल्या, म्हणजे क्रँकच्या, कटोऱ्यांचे आटे इंचाला 26 असतात, बाकी इंग्रजी आणि आपल्या सायकलींचे 24. ती कटोरी खराब दिसली म्हणून फेकू नका. बाजारातली कटोरी दोन फेरे फिरेल, मग अडेल, आणि कुणी जोर केला तर फ्रेमचेच आटे जातील.

काम सुरू होतं फ्रेमपासून. फ्रेम सरळ नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. तिची तपासणी एका दोऱ्याने होते. मागच्या एका बाजूच्या टोकाला दोरा बांधायचा, पुढे डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायचा, ताणायचा, आणि गादीच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजायचं. सारखं आलं तर बरं. बारीकसा फरक मिस्त्री काढून देतो, मोठा असेल तर ती सायकल दुसरीसाठी सुटे भाग म्हणून ठेवावी. मग खालच्या नळीवर, डोक्याच्या सांध्यामागे बोट फिरवायचं. रंगाखाली सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. सांध्याजवळ चीर असेल तर जोड द्यावा लागतो, पण तो कुणाकडूनही नाही. सायकलची नळी पातळ असते. ग्रिल आणि गेट जोडणारा वेल्डर तिला भोक पाडून परत देतो. गॅसवर पितळेने जोडणारा माणूस शोधावा लागतो, आणि असा माणूस जिल्ह्याच्या गावालाही आता शोधूनच सापडतो.

त्यानंतर कॉटर. जुन्या सायकलीच्या क्रँकमधून आडवी जाणारी ही छोटीशी तिरपी पिन. सायकली भंगारात जाण्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं मत झालं आहे. पिन ढिली झाली की पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक्‌’ होतं. लोक दुर्लक्ष करतात, पिन झिजते, मग क्रँकचं भोक झिजतं. कधी पिन गंजून बसते आणि निघत नाही. तेव्हा कुणीतरी हातोडा घेतो. क्रँकला खालून आधार न देता हातोडा मारला की तो मार थेट आतल्या छऱ्यांवर जातो, छरे कटोरीत खळगे पाडतात, आणि मग कटोरीही गेली. बरोबर रीत अशी, की लोखंडी पाइपचा तुकडा क्रँकखाली जमिनीपर्यंत उभा द्यायचा, पिन आदल्या रात्री तेलात भिजवायची, नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवायचा आणि एकच, ठाम घाव घालायचा. दहा भित्रे घाव घातले तर पिनेचं डोकं पसरतं आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. नवी पिन बसवण्याआधी तिचा सपाट भाग कानशीने घासून जुळवावा लागतो. दोन्ही बाजूंच्या पिना उलटसुलट दिशेने घालायच्या, म्हणजे दोन्ही क्रँक एका रेषेत येतात. आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा एकदा ठोकून नट कसायचा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे विसरतात. त्या प्रकरणाला मी अठरा पानं दिली आहेत. प्रकाशकांना ती जास्त वाटली. मी एकही कमी केली नाही.

छऱ्यांचं काम सोपं आणि आनंदाचं. पुढच्या हबमध्ये दीड सुती, बाजूला दहा. मागच्या हबमध्ये दोन सुती, बाजूला नऊ. मधल्या कटोरीत दोन सुती, बाजूला अकरा. जुने आणि नवे छरे एकत्र घालू नयेत, बारीकसा फरकही सगळं ओझं एक-दोन छऱ्यांवर टाकतो. धुवायला पूर्वी रॉकेल होतं. रेशनवरून रॉकेल गेलं, आता डिझेल वापरावं. गंज काढायला चिंचेचं पाणी चालतं, वेळ लागतो, पण पोलादाला इजा होत नाही. ज्या मिस्त्रीकाकांकडून मी हे शिकलो ते चाक हवेत धरून फिरवायचे आणि म्हणायचे, “भाऊ, रंग काय पायता? कान लावा, छरे सांगते काय झालं ते.” त्यांचं नाव छापू नये अशी त्यांचीच इच्छा. दुकानावर गर्दी झाली तर दुपारची झोप जाईल, हे त्यांनी दिलेलं कारण.

चाकांबद्दल आणि ब्रेकबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण जीव त्याच्यावर आहे. या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 स्पोक असतात. मागच्या आठ जास्त स्पोकांचा अर्थ मला नीट कळला तो 2018 च्या उन्हाळ्यात. यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं त्या वर्षी आटली. वाघापूर, उमरसरा, लोहारा, जिकडे पाहावं तिकडे माणसं मिळेल त्या वाहनाने पाणी आणत होती. जुन्या सायकली बाहेर निघाल्या. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरची एकेक कॅन दोराने बांधलेली, म्हणजे चाळीस किलो वजन, तेही दोन्ही अंगाला झुलणारं. ज्यांची मागची चाकं घट्ट होती त्या चालल्या. ज्यांचे दोन-तीन स्पोक आधीच तुटलेले होते त्यांच्या चाकाचा वाटेतच आठचा आकडा झाला. स्पोक एकटा कधी तुटत नाही. एक गेला की त्याचा ताण शेजाऱ्यावर जातो, मग तो जातो.

सळयांचा ब्रेक रिमच्या बाजूला लागत नाही. दांडी ओढली की सळी उचलली जाते आणि रबराचे दोन तुकडे रिमच्या आतल्या अंगाला, हबकडून बाहेरच्या दिशेने, दाबले जातात. याचा परिणाम असा, की चाक डावी-उजवीकडे थोडं डुललं तरी हा ब्रेक चालतो, पण चाक गोल नसेल, कुठे फुगलेलं-दबलेलं असेल, तर ब्रेक एका जागी गचका देतो आणि दुसरीकडे लागतच नाही. म्हणून मिस्त्री चाकाचा आऊट काढतो तेव्हा त्याला दोन्ही आऊट काढायला सांगा, उभा आणि आडवा. बहुतेक जण आडवा काढून मोकळे होतात, कारण दिसतो तोच.

आणि खरं सांगायचं तर पावसात हा ब्रेक कमजोर आहे. क्रोमची रिम ओली झाली की रबर घसरतं. जुन्या सायकलीच्या भक्तांना हे ऐकायला आवडत नाही. पण यवतमाळातून खाली उतरणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर भर पावसात, मागे दळणाचा डबा घेऊन जो उतरला आहे त्याच्याशी वाद घालू नये. उपाय आहेत: पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा जास्त जपायचा, कारण थांबवतो तोच. रबरं घट्ट झाली, चकाकायला लागली की बदलायची. उतार सुरू होण्याआधीच ब्रेक हलके टेकवून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं. आणि उतार लांब असेल तर उतरून चालायचं. त्यात कमीपणा काही नाही.

चढाचा उपाय स्वस्त आहे आणि तो कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. कारखान्यातून येणाऱ्या सायकलीला पुढे बहुधा 44 दातांचं चेनव्हील आणि मागे 18 दातांचं फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. वणीकडच्या सपाटीवर हे ठीक आहे. यवतमाळात किंवा पुसदच्या डोंगराळ भागात ओझ्यासह हे गुडघ्यांवर येतं. मागचं फ्रीव्हील 22 दातांचं केलं की फेऱ्याला साडेचार मीटर. वेग थोडा जातो, पण दळण आणायला वेग लागत नाही. चेनला एखादी जोडी वाढवावी लागते, बाकी काहीच बदलत नाही. चेन मोजताना बारा इंचांत 24 सांधे यायला हवेत. तेच 24 सांधे सव्वाबारा इंच भरले तर चेन तर गेलीच, फ्रीव्हीलचे दातही तिच्याबरोबर झिजले असं समजा. दोन्ही एकदम बदला. खरं तर एक सूत वाढल्यावरच चेन बदलली असती तर दात वाचले असते.

राहिली जमीन. आपली काळी माती पावसात फुगते आणि चाकाला अशी धरते की मडगार्डखाली भरत भरत चाक फिरायचंच थांबतं. म्हणून मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि पावसाळ्यात एक काडी कॅरियरला अडकवून ठेवा. पूर्ण बंद चेनकव्हरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. गावात राहणाऱ्याने ते जपावं, धूळ आणि कपाशीचा कापूस आत जात नाही आणि साडी-धोतर अडकत नाही. शेतात जाणाऱ्याने काढून अर्धं लावावं, नाहीतर आत चिखलाची वीट तयार होते. काट्यांचं काय सांगायचं. देशी बाभूळ होतीच, वर विलायती बाभूळ पांदणीपांदणीला वाढली. पंक्चर काढताना टायरच्या आतून फडकं फिरवलं नाही तर तोच काटा दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचतो. या सायकलीचं पंक्चर चाक न काढता, ट्यूब बाजूने ओढून काढतात, आणि सळयांचे ब्रेक पाहता तेच शहाणपणाचं. मे महिन्यात भर उन्हात सायकल उभी करायची असेल तर हवा थोडी कमी ठेवा. 44-45 अंशांवर रस्त्याच्या कडेला ठिगळं उघडी पडतात, हा अनुभव इथे प्रत्येकाचा आहे.

रंगाचा प्रश्न सगळेच आधी विचारतात, म्हणून मुद्दाम शेवटी घेतला. जुना काळा रंग भट्टीत भाजलेला असतो. तो निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर त्याला हात लावू नका. गंज घासा, तेलाचं फडकं फिरवा, पुरे. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण आट्यांत भरतं, सांध्यांच्या नाजूक कडा बुजवतं आणि खालचा नंबर वाचता येत नाही. पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी 2017 मध्ये सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकल तिथे पाहायला मिळते. जमेल त्याने जाऊन यावं. मूळ भाग कसे असतात ते पाहून कळतं, वाचून नाही. पण ते काम वेगळं, आपलं वेगळं. संग्रहालयात मूळची गादी फाटकी असली तरी तीच ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. आपण तिच्यावर रोज बसणार. चामडं वाळून चिरलं असेल तर गादी नवी घ्या, जुनी कपाटात ठेवा. डायनॅमो चालत नसेल तर एलईडी दिवा लावा आणि मागे लाल परावर्तक, यात वाद नको. मात्र घरात हंबरची दुहेरी चिमट्याची फ्रेम किंवा चालू तीन गिअरचा हब निघाला तर तिथे कानस चालवण्याआधी जाणकाराला दाखवा. रोजच्या कामाला ॲटलास-हीरो पुष्कळ आहेत.

हे सगळं कुणासाठी, असं विचारलं जाईल. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती आणि दुचाकी 21 टक्के घरांत. म्हणजे तेव्हाही सायकल ही अडगळ नव्हती, निम्म्या देशाचं वाहन होती. त्यानंतर हप्त्यावरची मोटारसायकल खेड्यात पोचली. तिला मी नावं ठेवणार नाही. मारेगावहून वणीला रुग्ण न्यायचा तर सायकल कामाची नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पांढरकवड्याजवळ ट्रकांच्या रांगेत सायकल घालावी असंही मी कुणाला सांगणार नाही. पण घरापासून दोन किलोमीटरच्या आतली कामं मोजून पाहा. यवतमाळच्या दत्त चौकात भाजीसाठी निघालेल्या गाडीला जागा शोधायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात सायकलवाला भाजी घेऊन परत निघालेला असतो. शिवाय राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. या जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. मुलगी बारावी झाली की ती सायकल पडवीत जाते. तिचं वय आठ-दहा वर्षं असेल, साठ नसेल, पण छरे, स्पोक, चेन तेच, आणि या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं तिलाही लागू पडतात. शेवटचं प्रकरण खास तिच्यासाठी आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. सायकलचे पाने, पक्कड, हातोडी, कानस, स्पोकची चावी आणि चेन तोडायचं यंत्र. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, मधली उजवी कटोरीसुद्धा उलट्या आट्यांची. एवढं भिंतीवर लिहून ठेवलं तरी बरंच नुकसान वाचतं. चाकाचा आऊट आणि फ्रेमचा जोड या दोन गोष्टी पहिल्या वर्षी मिस्त्रीकडूनच करून घ्या, आणि त्याची मजुरी पाडून मागू नका. बाकी घरी जमतं.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. पाऊस संपलेला असतो आणि वाळत घातलेल्या भागांवर गंज चढत नाही. भाग काढताना प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो घ्या, छरे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा आणि वाट्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर. पहिलं प्रकरण फ्रेमच्या तपासणीचं आहे. त्याला दोरा, पट्टी आणि दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.